बागेतली बंद वाट

थोर लेखकाला कुठलीच कुंपणं अडवत नाहीत, असं वाक्य मी आमच्या वाचनालयाच्या फळ्यावर वळणदार अक्षरात लिहिलं होतं. निमित्त एका अमेरिकन काळ्या लेखकाच्या जन्मशताब्दीचं. वर्णभेदाबद्दल त्याने आपल्या देशाला आयुष्यभर तोंडावर जाब विचारला. त्याचं पुस्तक मी विशीत वाचलं, तेव्हा आठवडाभर घरच्या माणसांच्या नजरेला नजर देता येईना. नंतर जमायला लागलं.

कार्यक्रमाचे अध्यक्ष पावसकडचे आंबा बागायतदार. "एका नळाचं पाणी पिऊ देत नव्हते हो त्यांना!" म्हणताना त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. ते रडू खोटं नव्हतं. तेच वाईट होतं.

चहाच्या वेळी वाचनालयातली सहायक त्यांच्यापुढे जाऊन उभी राहिली. ती त्यांच्याच गावची, बौद्धवाडीतली. वाडीची स्मशानाची पायवाट त्यांच्या बागेतून जायची. गेल्या वर्षी त्यांनी बागेभोवती चिऱ्यांचा गडगा घातला आणि फाटकाला कुलूप लावलं. दुसरी वाट खाडीच्या चिखलातून, तीही ओहोटीलाच. तिच्या वडिलांची डॉक्टरांनी आशा सोडली होती.

"काका, त्या दिवसापुरतं फाटक उघडा."

"आजचा विषय अमेरिका आहे गो. हे गावकीत मांड."

"गावकीत आम्हाला कोण बसू देतं?"

"शिवाय मोहोर आलाय. त्यातून मयत नेली तर झाडावर काय राहील?"

"वरच्या वाडीतली नेली की परवा."

"ती आपली माणसं," असं म्हणून त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं.

ती माझ्याकडे वळली. "सर, तुम्ही तरी सांगा. तुम्ही वाचलंय ना त्याला?"

"कार्यक्रम होऊ दे, मग बघू," मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या शेवटी जगभरच्या वर्णभेदाच्या निषेधाचा ठराव मीच वाचला. एकमताने मंजूर झाला. हात तिनेही वर केला होता. अध्यक्ष लगेच गाडीत बसून गेले.

नवव्या दिवशी सकाळी तिचे वडील वारले. मी पोचलो तेव्हा अंगणात तिरडी बांधून तयार होती आणि माणसं नुसती बसून होती. मोहोराचा वास वाडीपर्यंत येत होता. मी अध्यक्षांना तीनदा फोन लावला. उचलला नाही. फाटकापर्यंत जाऊन कुलूप ओढून पाहिलं, म्हातारपणी माणूस काय काय करतो तसं. परत आलो तर ती म्हणाली, "सर, येणार असाल तर चपला इथेच काढा. गुडघाभर चिखल असतो."

पाणी सव्वाचारला ओसरलं.