भट्टीच्या तळाचं पाणी

तेलाच्या कारखान्यात त्यांना सगळे ‘नाक’ म्हणत. तोंडावर ‘नाकवाले काका’, एवढाच फरक. एकतीस वर्षं ते रोझमेरीची भट्टी सांभाळत होते. तांब्याच्या हंड्यात पाणी, पाण्यात ती सुयांसारखी पानं, झाकणातून निघालेली नळी आणि नळीच्या टोकाशी थेंबाथेंबाने जमणारं तेल. आधी ओल्या लाकडाचा ताजा वास येई, मग निलगिरीसारखा थंडावा, मागाहून कापूर. भट्टी कुठे थांबवायची, हे काका डोळे मिटून सांगत आणि कधी चुकत नसत.

“वास संपला की गुण संपला,” असं ते म्हणत. त्यामुळे हंड्याच्या तळाला उरलेलं काळपट पाणी रोज गटारात जाई.

त्यातलं एक कॅन मात्र सायकलला अडकवून घरी येई, तेही काकांच्या कुरकुरीसकट. काकू शिवणकाम करत आणि कोटाची काजं हातानेच घालत. दोन वर्षांपासून सकाळी त्यांच्या बोटांचे सांधे आखडू लागले होते. त्यांच्या आईने रोझमेरीच्या पाण्याने केस धुतले होते, आजाऱ्याच्या खोलीत तिच्या काड्या जाळल्या होत्या आणि परीक्षेच्या दिवशी मुलांच्या खिशात तिची डहाळी घातली होती. लेकीने त्यातलं एवढंच उचललं. ते पाणी कोमट करायचं, त्यात अर्धा तास हात बुडवायचे, मग सुई धरायची.

“गटाराचं पाणी ते. त्याचं काय एवढं कौतुक?”

“तुमचं नाक भट्टीवर चालवा. बोटं माझी आहेत.”

एके दिवशी काका खुशीत घरी आले. मालकांच्या मागे लागून लागून त्यांनी नवी भट्टी मंजूर करून घेतली होती. पोलादाची, सोमवारी सुरू होणारी. पानं जाळीवर ठेवायची, खालून नुसती वाफ सोडायची. तेल जास्त मिळणार आणि पानांचं पाणी मागे उरणारच नाही.

काकूंचा हात थांबला. “म्हणजे माझं पाणी बंद?”

“साध्या गरम पाण्यात बुडव की हात.”

“तेही करून झालंय. तसा आराम पडत नाही.” त्यांनी मांडीवरच्या कोटाची घडी घातली. “मग हा शेवटचा. सोमवारनंतर काजाचं काम घेणार नाही मी.”

आवाज चढला नव्हता, म्हणूनच काकांना ते लागलं. लग्न झाल्यापासून या बाईच्या हातात सुई नाही, असा एक दिवस त्यांनी पाहिला नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी एका बाटलीत तळाचं पाणी आणि दुसरीत तेल घेऊन ते तपासणीच्या प्रयोगशाळेत गेले. पुतणी तिथे कामाला होती.

“बघ यात काय आहे ते. काही नसेल तर तूच काकूला सांग. माझं ऐकत नाही ती.”

“तुमचं कोण ऐकतं, काका?” ती हसली. काचेच्या पट्टीवर तिने तेलाचा एक ठिपका दिला, शेजारी पाण्याचा. पट्टी द्रावणात उभी केली, ठिपके वर चढू दिले, वाळवून रसायनाचा फवारा मारला. मग दार लावून तिने खास दिवा पेटवला.

तेलाची बाजू काळीच राहिली. पाण्याच्या बाजूला मात्र गॅसच्या ज्योतीसारखा निळा ठिपका लखलखत होता.

“हे काय गं?”

“रोझमेरिनिक आम्ल. सूज कमी करण्यासाठी याचा अभ्यास चालू आहे. हे वाफेबरोबर उडत नाही, म्हणून तुमच्या तेलात येतच नाही. पाण्यात उतरतं. आणि याला वास नसतो.”

“जरासुद्धा?”

“जरासुद्धा नाही.”

काकांनी दिवा विझवायला लावला, पुन्हा पेटवायला लावला. तीनदा. प्रत्येक वेळी तो निळा ठिपका आपल्या जागी हजर. एकतीस वर्षं हे त्यांच्या नाकाखालून गटारात गेलं होतं!

“झाड हे बनवतं तरी कशाला?” त्यांचा आवाज देवळात बोलावं तसा खाली गेला होता.

“स्वतःला जपायला. किडीपासून, बुरशीपासून. आपण मधेच हात घालतो.”

“काकूला याच्यानेच बरं वाटतं का?”

“ते या काचेवरून नाही सांगता येणार. थोडं उबेने वाटत असेल, थोडं याने. पण पाण्यात काही नाही, असं मी काकूला सांगणार नाही.”

“आणि नवी भट्टी आल्यावर?”

“वाफेत हे बरंचसं पानांतच राहील. चोथा घरी नेऊन उकळा.”

सोमवारी सगळे नव्या भट्टीच्या तेलाभोवती गोळा झाले. काका मागच्या बाजूला पोत्यात ओला चोथा भरत होते.

“काका, तेल इकडे आहे!” मालक ओरडले. “चोथ्यात काय शोधताय?”

“जे नाकाला सापडलं नाही ते.”

घरी त्यांनी स्वतः पातेलं चढवलं. सवयीने वाकून हुंगलं. वास जवळजवळ नव्हताच. ते तसेच उभे राहिले आणि रंग गडद होत जाताना बघत राहिले. मग पातेलं उतरवून, निववून काकूंपुढे ठेवलं.

काकूंनी हात बुडवले. “वास तर काहीच नाही हो.”

“नसू दे.”

अर्ध्या तासाने त्यांनी हात पुसले, बोटं एकदा मिटून उघडली आणि घडी घातलेला कोट मागितला. काकांनी सुईत दोरा ओवून दिला आणि पहिलं काज पुरं होईपर्यंत ते समोरून हलले नाहीत.