न घेतलेला प्रसाद

साजूक तुपात रवा भाजला जाऊ लागला की त्याचा वास आधी जिन्यात उतरायचा, मग पटांगणातल्या मंडपात शिरायचा आणि तिथे झेंडू, ओले केळीचे खांब, उदबत्ती आणि भाड्याने आणलेल्या सतरंज्यांची धूळ यांच्यात मिसळून जायचा... वर्तकनगरच्या आमच्या वसाहतीत दर सव्वीस जानेवारीला, झेंडावंदन आटोपलं की सत्यनारायणाची पूजा असायची. त्या वासाने आजही माझ्या तोंडाला पाणी सुटतं, आणि लगेच मुठी वळतात.

मी नऊ वर्षांची होते, दादा चौदाचा. त्या वर्षी कथा संपत आली होती आणि पलीकडच्या मैदानावर त्याची मॅच त्याच्यासाठी खोळंबली होती. तो चुळबुळत आईच्या कानाशी लागला आणि आईने हसून मान हलवली — जा, तुझा वाटा काढून ठेवते. बॅट घेऊन तो पळाला. इकडे आरती चालू असताना फाटकाबाहेरच्या रस्त्यावर पाण्याच्या टँकरने त्याला उडवलं. टँकरच्या काचेवर झेंडूचा ताजा हार होता. ड्रायव्हरला खरचटलंही नाही. म्हणजे सकाळी हार घालून निघालेल्या माणसाला देवाने सांभाळलं, आणि त्याच्याच पूजेतून उठून गेलेल्या मुलाला... हे वाक्य मला अजून पुरं करता आलेलं नाही.

तेराव्याला तळमजल्यावरच्या सामंतकाकू आईजवळ येऊन बसल्या. तिच्या पाठीवरून हात फिरवत, अगदी मायेने म्हणाल्या, "प्रसाद तोंडात टाकून तरी जायचं होतं गं पोराने."

कथा सगळ्यांनाच पाठ होती. प्रसाद न घेता नवऱ्याला भेटायला धावलेली ती व्यापाऱ्याची लेक, आणि तिच्यापायी बुडालेली नौका... त्या दिवसापासून आईने स्वतःलाच गुन्हेगार ठरवलं, कारण "जा" ती म्हणाली होती. बाबांनी परोपरीने समजावलं, ब्रेक लागला नाही, बाकी काही नाही. आई विचारायची, नेमका तेव्हाच का लागला नाही?

मला मात्र उत्तर नको होतं, सूड हवा होता. काकूंवर, आणि काकूंच्या त्या देवावर, जो शिऱ्याच्या एका घासासाठी पोराचा जीव घेतो. पुढच्या वर्षी मी पहिल्या रांगेत बसले, कथा शब्दन् शब्द ऐकली आणि काकूंनी द्रोण पुढे केला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत डोळे घालून उठले. त्याच फाटकातून बाहेर पडले, तोच रस्ता ओलांडला आणि पलीकडे जाऊन उभी राहिले. ऊन होतं, रिक्षा जात होत्या. छाती धडधडत होती — भीतीने नव्हे, ये आता, बघतेच तुला, या त्वेषाने. काही झालं नाही. घरी येऊन आईला म्हटलं, बघ, मला काही झालं नाही. मला वाटलं होतं, ती यातून सुटेल. तिने नुसते माझे हात घट्ट धरून ठेवले.

मग हे दरवर्षी चाललं. आम्ही डोंबिवलीला, कोपरला राहायला आलो; तिथल्या सोसायटीतही पूजा होतीच. मी कथा ऐकायचे आणि प्रसाद सोडून उठायचे. कॉलेज झालं, ठाण्यात नोकरी लागली, बाबा गेले, तरी हे चुकलं नाही. किती साधा आणि बिनतोड पुरावा होता माझा! मी जिवंत आहे, म्हणून काकू खोट्या आणि आई निर्दोष. दरवर्षी तो मी आईपुढे ठेवायचे, आणि दरवर्षी ती माझ्या केसांवरून हात फिरवून स्वयंपाकघरात निघून जायची.

गेल्या वर्षी पौषातल्या पौर्णिमेला आई ओट्यापाशी चक्कर येऊन पडली. हॉस्पिटलात डॉक्टर रागावले. मधुमेहाची बाई, आणि सकाळपासून पोटात पाण्याचा थेंब नाही. तिचा पौर्णिमेचा उपास मला माहीत होता. तो निर्जळी असतो, आणि मी पहिल्यांदा प्रसाद सोडला तेव्हापासून तो माझ्यासाठी आहे, हे त्या दिवशी कळलं. मी संतापले. इतक्या वर्षांत मला काही झालं का, म्हणून तिला विचारलं.

सलाइनच्या नळीकडे बघत ती शांतपणे म्हणाली, "नाही झालं. कशामुळे नाही झालं, असं वाटतं तुला?"

ज्या जिवंतपणावर मी एवढा युक्तिवाद उभा केला होता, तोच तिच्या उपाशी पोटाचाही पुरावा होता. आणि यापुढे मी कितीही वर्षं जगले तरी दरवर्षी तिचंच म्हणणं खरं ठरत जाणार होतं.

यंदा मी हात पुढे केला. आई समोरच्या खुर्चीत बसून माझ्या तोंडाकडे बघत होती. मी घास गिळला तेव्हा तिनेही आवंढा गिळला. शिरा सुरेख झाला होता, तुपाने ओथंबलेला, पिकल्या केळ्याचा... मला त्याचाही राग आला.

आता पौर्णिमेला आई सकाळी चहा घेते, वेळेवर जेवते. देव मानत नाहीस तर रागावतेस कोणावर, असं मला लोक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. तो जिंकला, एवढं मात्र खरं — माझ्या आईला उपाशी ठेवून जिंकला. मी त्याला माफ केलेलं नाही. आणि हे त्याला कळावं, निदान एवढ्यासाठी तरी तो असावा, असं हल्ली मला फार वाटतं.