आईनं न केलेलं बाळंतपण

माझी आई यमुताई खापा गावची सुईण. अर्धा खापा माझ्या हातावर जन्मला असं ती म्हणायची, आणि उरलेल्या अर्ध्याकडे जरा रागानंच बघायची.

लग्न होऊन मी नागपुरात गांधीबागेत आले. खाली सासऱ्यांचं लुगड्यांचं दुकान, वर घर. १९८५ साली मला दिवस गेले, तेव्हा पहिलं बाळंतपण माहेरी होणार हे कुणी बोलूनही दाखवलं नाही, इतकं ते ठरलेलं. आईनं बाज नव्यानं विणून घेतली, जुन्या लुगड्यांची दुपटी शिवली. माझ्या लेकीला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असं तिनं गावभर सांगून ठेवलं.

सहाव्या महिन्यात पोट जास्तच मोठं दिसलं म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी करायला लावली. धंतोलीत ते मशीन तेव्हा नवीनच होतं. पडद्यावर मला ढगांशिवाय काही दिसेना. बाईंना दिसलं. बाळाचं पोट बेंबीपाशी मिटलं नव्हतं. थोडी आतडी बाहेर, एका पातळ पिशवीत होती.

"मोठ्या दवाखान्यातच बाळंत व्हायचं. लगेच ऑपरेशन लागेल. पिशवी फुटली तर कठीण," त्या म्हणाल्या. वाचेल का, असं मी विचारलं. "वाचू शकतं." तेवढं धरून मी घरी आले.

आई त्याच दिवशी भेटायला आली होती. माझ्या सासूबाईंचं, जिजाबाईंचं, ऐकताक्षणीच ठरलं. "कोजागिरीच्या ग्रहणात हिनं विळी धरली असन. अन मशीनच्या फोटोचा काय भरोसा? खाप्यालेच पाठवा. यमुताईच्या हाताले यश आहे."

मला वाटलं, आई आता फुलून येईल. पण तिनं मान हलवली.

"नाही वं जिजाबाई," ती म्हणाली. "म्या असे लेकरं पाह्यले. तीन. आतडे बोटानं आत लोटले, वरून फडकं आवळलं. वाटलं, बरं करून राहिलो मी. तिन्ही माह्या हाताखालीच गार पडले. अन त्यायच्या मायांले म्या सांगतलं, तुम्ही ग्रहण पाळलं नाही म्हणून."

आई माझ्याकडे वळली. "गोपिका, तू खाप्याले येऊ नको. मीच येतो तुह्याकडे."

जन्मभर ज्या हातांच्या जोरावर तिनं मान ताठ ठेवली, त्यांचं सगळं तिनं माझ्या सासरी बसून सांगून टाकलं. मला तिचा अभिमान वाटला. आणि खरं सांगते, त्या तीन मायांसाठी तिचा रागही आला. गावी परतल्यावर खरं सांगायला ती तिघींच्या दारी जाऊन आली. एकीनं तिला आत घेतलं नाही.

मार्चमध्ये मुलगी झाली. पिशवी शाबूत होती. दोन तासांत तिला ऑपरेशनला नेलं, भोक लहान होतं म्हणून पोट एकाच खेपेत शिवता आलं. "आता आतडी चालू झाली पाहिजेत," सर्जन म्हणाले. "शी झाली की माझी काळजी मिटली."

मग काय, सगळं घर शीची वाट बघू लागलं! सासूबाई टेकडीच्या गणपतीला नवस बोलून आल्या. देवाकडेही असला नवस पहिल्यांदाच आला असावा.

आई रोज यायची आणि बाळापासून हातभर लांब उभी राहायची, दोन्ही हात पदरात. नर्स म्हणायची, "आजी, घ्या ना." "राहू दे माय, हात मळले आहेत माहे." नुकतीच धुऊन आलेली असायची.

सहाव्या दिवशी दुपारी लंगोट काळाहिरवा झाला. मी इतकी ओरडले की पलीकडच्या खाटेवरची बाई उठून बसली. नर्स दुसऱ्या बाळाकडे अडकलेली, आणि बाळंतपणाच्या टाक्यांमुळे मला वाकता येईना.

"आई, तूच पूस."

ती हलेना.

"काहून पाहून राहिली? तिले ओलं लागून राहिलं!" मी तिच्याच बोलीत खेकसले.

तिनं हात धुतले. पुन्हा धुतले. मग दोन बोटांत माझ्या लेकीच्या टाचा धरून पाय उचलले आणि हळूहळू पुसू लागली. स्वच्छ झाल्यावरही तिचा हात मागे गेला नाही. टाक्यांच्या जरा वर, त्या एवढ्याशा पोटावर तिनं तळवा ठेवला. पोट वरखाली होत होतं.

"गरम आहे वं," आई म्हणाली, आणि हमसून हमसून रडायला लागली.