काळ्या करकोच्यापुढची कोरी जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिच्यापासून माझं सहसा काही लपत नाही.

आमच्या यवतमाळच्या पक्षी बघणाऱ्यांच्या टोळक्यात एक रीत आहे. भटकून आलो की संध्याकाळी चहाबरोबर यादी वाचायची. अकारविल्हे नव्हे, कुळांप्रमाणे — आधी बदकं, मग मोर-तितर, अगदी शेवटी भारीट. नाव आलं की ज्याने पाहिला त्याने हात वर करायचा. तालुक्यात पूर्वी न दिसलेला पक्षी असेल तर दोघांचे हात लागतात. एकट्याच्या हातावर नोंद होत नाही.

नसरीन नवी होती तेव्हा या क्रमाने वैतागायची. मीच तिला समजावलं, लग्नघरात कोण कुणाचं ते ओळखतेस ना, तशीच कुळं ओळख. बघता बघता तिला यादी तोंडपाठ झाली. मला कौतुक वाटायचं — निदान तसं मी दाखवायचो.

त्या हिवाळ्यात घाटंजीकडच्या तलावावर तिला तालुक्यात कधी न दिसलेला काळा करकोचा दिसला. त्याच्यासाठी मी कित्येक वर्षं तंगडतोड करत होतो, आणि ही कालची पोरगी! मी दुर्बीण लावली. लाल चोच, काळी मान, पांढरं पोट. दिसला हो. अगदी स्वच्छ दिसला.

संध्याकाळी करकोच्यांचं पान आलं. तिचा हात वर गेला. माझा? मी कपात बघत राहिलो. ती हळूच म्हणाली, "भाऊ, तुम्ही तर तिकडंच पाहून राह्यले होते ना?"

"डोळ्यावर ऊन होतं," मी म्हणालो.

नेहमीचा पांढऱ्या मानेचा असेल, नवख्यांचं होतं असं, कुणीतरी म्हणालं. ती भांडली नाही. पुढच्या फेरीला आली नाही, नंतरही नाही. ऊन माझ्या पाठीवर होतं. जळत होतो मी — दुसरं काय?

अलीकडे कळलं, तिने पक्षी सोडलेले नाहीत. बोरी अरब या गावी शिकवते आणि शाळेतल्या मुलींना घेऊन तळ्याकाठी हिंडते. ऐकून किती हलकं वाटलं, काय सांगू?

उद्या नव्या यादीचं वाचन आहे. निरोप धाडला, तर मुलींना घेऊन येते म्हणाली. करकोच्यांपाशी आलो की तिच्या त्या जुन्या नोंदीसाठी मी हात वर करणार आहे. ऊन कुठे होतं तेही सांगणार आहे, तिच्या मुलींसमोर. त्यावर ती काय म्हणेल, ते तिचं.

तो पक्षी आधी तिने पाहिला. मी नंतर.