मटारच्या पिशवीमागचं इन्सुलिन

"डॉक्टर, एक टाइमाचं इंजेक्शन चुकलं न्हाय," वडील छातीठोकपणे सांगत होते आणि त्यांची पंधरा वर्षांची सानिका माझ्यासमोर धापा टाकत होती. शुगर इतकी, की मीटर आकडाच दाखवेना.

सानिकाला टाइप वन डायबेटिस. यात शरीर स्वतः इन्सुलिन बनवत नाही, रोज टोचावंच लागतं. नाही मिळालं तर रक्तात आम्ल साठतं आणि माणूस जातो. तिला तातडीनं आयसीयूत हलवलं.

मी चक्रावलो होतो. महिन्यापूर्वी निदान झाल्यापासून डोस वाढवत होतो आणि शुगर काही खाली येत नव्हती. आयसीयूत मात्र तेच इन्सुलिन आमच्याकडच्या बाटलीतून दिलं आणि शुगर मुकाट्यानं उतरली. म्हणजे गोम घरात होती.

घर टेंभुर्णीला, भांड्यांचं मोठं दुकान. गावातले डॉक्टर सोडून हे लोक शहरात, शुक्रवार पेठेत माझ्याकडे यायचे. मला वाटायचं, माझ्यावर विश्वास. कसला विश्वास! इथं ओळखीचं कुणी भेटत नाही, एवढाच माझा गुण.

आईला घरातली बाटली आणायला लावली. "ही ठेवता कुठं?"

"फ्रीजमधी. तुमीच सांगितलंय की."

"फ्रीजमध्ये कुठं?"

तिनं नवऱ्याकडं पाहिलं. "वर, बर्फाच्या कप्प्यात. मटारच्या पिशवीमागं. पावणे येत्यात, पाण्यासाठी फ्रीज उघडत्यात. दिसलं तर गावभर व्हईल."

"उद्या पोरीचं लगीन व्हायचंय की," वडिलांनी मलाच समजावलं.

पोरगी दहावीत. नवऱ्याचा पत्ता नाही, पण त्याच्यापासून लपवाछपवी आतापासूनच सुरू. इन्सुलिन एकदा गोठलं की बाद. वितळल्यावर दिसतं पहिल्यासारखंच, पण टोचून उपयोग शून्य. पोरीला हे दोघे रोज नेमानं, प्रेमानं निरुपयोगी पाणी टोचत होते. मला संताप आवरेना. "आधी तिला जगू द्या," मी म्हणालो, "मग वऱ्हाडाचं बघा."

दोघांना बाहेर पाठवून मी सानिकाला विचारलं, "बाटलीत बर्फ दिसत नव्हता तुला?"

"दिसायचा की. मुठीत धरून वितळवायची."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"पप्पा म्हणले, कुणाला काय बोलायचं न्हाय." ती खाली बघत म्हणाली. "मला वाटलं, 'कुणाला'मधी तुमीपण आलाव."

मरणाच्या दारात जाऊन आली, पण पप्पांचा शब्द मोडला नाही. असल्या आज्ञाधारकपणाचं कौतुक करणाऱ्या नातेवाइकांना एकदा आयसीयू दाखवायला हवं.

सानिका वाचली. बाटली आता फ्रीजच्या दारात असते. परवा आई तपासणीला आली तेव्हा हळूच सांगून गेली, की बाटलीवर कोथिंबिरीची जुडी ठेवते, झाकायला.

ठेवा म्हटलं. कोथिंबिरीनं इन्सुलिन गोठत नाही. आणि हल्ली मी आईबापांना डोस नंतर विचारतो. आधी विचारतो, औषध कुणापासून लपवताय?