जुव्यावरचे सर

पाण्याचा पेला हातात आला की सर तो थेट तोंडाला लावत नसत. तळव्यावर थोडं पाणी ओतून घेत, जिभेला लावत आणि छताकडं बघत थांबत. “आधी जीभ, मग घसा,” म्हणत आणि मगच पीत.

तुमच्याही पाहण्यात असं कुणी असेल, ज्याला पाहुणचारातही काळंबेरं दिसतं. आमच्या शाळेच्या शिपायाला हे फार लागायचं.

“सर, माठात म्या काय साप सोडलाय व्हय?”

“तुमच्यावर नाही हो, पाण्यावर संशय आहे,” सर गंभीरपणे सांगायचे. शिपायाचं समाधान व्हायचं नाही. आपल्या हातचं पाणी या माणसाला चालत नसावं, असं त्यानं मनाशी धरलं होतं.

पोलीस ॲक्शननंतरची ती वर्षं. औरंगाबादच्या शाळांतून उर्दू जाऊन मराठी आली होती आणि मराठीतून शिकवणारी माणसं कमी पडत होती, म्हणून सर कोकणातून इतक्या लांब आलेले. मी देवगाव रंगारीचा, आमच्या घरातला पहिला पदवीधर, नोकरीत नवा. फळ्यावर ओळ सरळ कशी न्यावी हे मला त्यांनीच शिकवलं. तरी परमुलखातल्या माणसाकडं आम्ही जरा तिरपंच बघायचो. तेही आमच्याकडं तसंच बघत. खोलीला कुलूप लावलं की ओढून बघत, चार पावलं जात आणि परत येऊन पुन्हा ओढत.

शाळेच्या बोर्डिंगला सुपरिंटेंडेंट हवा होता. त्या कामाबरोबर दोन खोल्या मिळत. सरांना त्या हव्या होत्या. आई गावी एकटी होती, तिला पावसाळ्याआधी इकडं आणायचं होतं. हेडमास्तर निजामाच्या अमलात हैदराबादला शिकलेले. त्यांनी स्टाफरूममध्येच सहज चौकशी केली.

“सुट्टीत कुठं जाता मास्तर?”

“जुव्यावर.”

हेडमास्तरांची सुपारी तोंडातच थांबली. “आणि तुमचे वालिद?”

“ते जुव्यावरच गेले.”

“वालिदा?”

“आई अजून जुव्यावरच. किती सांगितलं, सोडतच नाही.”

“पूरा खानदान?”

“पिढ्यान्‌पिढ्या,” सर अभिमानानं म्हणाले.

आमच्या कानांना जुवा म्हणजे पत्ते, फासे आणि पोलिसांची धाड. हेडमास्तरांनी नुसती मान हलवली. बोर्डिंगच्या किल्ल्या मात्र त्यांच्याच टेबलात राहिल्या. सरांना कारण कुणी सांगितलं नाही. शिपायानंच कान भरले असणार, असं ठरवून ते आता पाणी दोनदा चाखू लागले.

मे महिन्यात मला म्हणाले, “चला आमच्या जुव्यावर. बरं वाटेल.” मी घरी फक्त ‘कोकणात जातो’ एवढंच सांगितलं.

मनमाडवरून मुंबई, तिथून बोट, शेवटी होडी. होडीवाल्यानं विचारलं, “जुव्यार?” मी खिशावर हात दाबला. मग समोर बघितलं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि मधे माड उभे राहतील एवढीच वाळूची पट्टी. तिच्यावर मोजकी घरं. असल्या बेटाला तिकडं जुवा म्हणतात.

सरांच्या आईनं विहिरीचं पाणी काढलं, तळव्यावर घेऊन चाखलं, आणि मग तांब्या माझ्यापुढं केला. भरतीच्या दिवसांत विहिरीत खार उतरतो. पाहुण्याच्या तोंडात खारं पाणी जाऊ नये म्हणून घरची बाई आधी स्वतः बघते. मला आमचा शिपाई आठवला.

घरामागं माड समुद्राकडं आडवे झाले होते. “गोठा इथं होता,” सर पाण्याकडं बोट करून म्हणाले.

आई माझी उलटतपासणी घेत होती. “तुमच्याकडे समुद्र नाय, मग पाणी खंयसून येता?”

मी नहरींबद्दल सांगितलं. डोंगरापासून शहरापर्यंत जमिनीखालून वाहत येतं, म्हटलं.

“जमिनीखालसून? कोणी बघल्यानी?” ती लेकाकडं वळली. “दिसणा नाय तां पाणी माका नको.”

जूनमध्ये मी हेडमास्तरांपुढं उभा राहिलो. “साहेब, जुवा म्हणजे जजीरा.”

“जजीरा?” ते खुर्चीत मागं टेकले. “मग वालिद जजीऱ्यावर वारले? लाहौल! सरळ सांगायचं की.” त्यांनी टेबलाचा खण उघडला.

किल्ल्या मिळाल्या, पण बोटी पावसाळ्यापुरत्या बंद झाल्या होत्या. तो अख्खा पावसाळा सर औरंगाबादच्या कोरड्या आभाळाकडं संशयानं बघत राहिले. दिवाळीत ते आईला घेऊन आले. रोज सकाळी ती नळाचं पाणी तळव्यावर घ्यायची.

“कसं आहे?” मी विचारायचो.

“गोड आसा. पण माका खरां वाटणा नाय.”

पुढच्या उन्हाळ्यात तिनं जेवण कमी केलं. तिकडची विहीर कुणी उपसत नसेल, एवढंच म्हणत राहायची. सरांनी किल्ल्या परत केल्या. कुलूप मात्र जाता जाता दोनदा ओढून बघितलं. आईला एकटीला पावसात ठेवायचं नाही, मग आपणच तिथं राहायचं, असं त्यांनी ठरवलं होतं. ते परत आले नाहीत.

त्यांच्या जागी आलेल्या नव्या मास्तरांनी विचारलं, “आधीचे सर कुठं गेले?”

“जुव्यावर,” हेडमास्तर म्हणाले. “माँ को लेके.”

नव्या मास्तरांचा चेहरा बघण्यासारखा झाला. हेडमास्तर खिडकीकडं वळले. खिडकीबाहेर आभाळ भरून आलं होतं, ते तिकडं बघत राहिले. शिपायानं पाणी आणून ठेवलं. हेडमास्तरांनी थोडं तळव्यावर ओतलं, जिभेला लावलं आणि मगच ते प्यायले.