आईने नाव घेतलं

परवा शनिवारी इथे आयर्लंडमध्ये, आमच्या टॅला गावच्या कम्युनिटी हॉलमध्ये आमच्या मंडळाची संक्रांत झाली. तिळगूळ, जेवण, मग उखाणे... आणि माइक नेहमीप्रमाणे माझ्याकडे. आठवडाभर चिप प्लांटमध्ये माझं कुणी ऐकत नाही, त्याची भरपाई मी इथे करून घेतो.

आई सध्या कराडहून आलीय. बाबांना जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून कुठेही उखाणे सुरू झाले की ती ताटं-वाट्या आवरायला किचनमध्ये जाते... कुणी पाठवत नाही, तिची तीच जाते. मला ते खटकतं, पण आजवर मी कधी काही बोललो नाही.

इथे दुपारी ती नातीबरोबर एक अमेरिकन टॉक शो बघते. होस्ट आफ्रिकन-अमेरिकन, एकेकाळचा गाजलेला रॅपर. आता सोफ्यावर बसून पाहुण्यांना बोलतं करतो. आईला इंग्लिश फारसं कळत नाही, पण हा माणूस समोरच्याचं ऐकून घेतो एवढं तिला पटलंय. हे तिने माझ्याकडे बघत सांगितलं.

मागच्या आठवड्यात त्याने शोमध्ये आपलं एक जुनं रॅप म्हटलं. काय म्हणतोय, असं आईने विचारलं, तर माझी लेक तिच्या आयरिश ठेक्यात म्हणाली, "ही सेज हिज ओन नेम, आजी. अँड व्हेअर ही इज फ्रॉम." रॅपर म्हणे सुरुवातीलाच स्वतःचं नाव आणि गाव सांगून टाकतात.

"स्वतःचंच नाव घेतो? यमक जुळवून?" आई बराच वेळ हसत होती. मी लॅपटॉपमध्ये डोकं घालून बसलो होतो, विषय तिथेच संपला.

तर परवा उखाणे सुरू झाले, आणि आई चक्क खुर्चीतच बसून राहिली. मी माइक घेऊन रांगेने पुढे सरकत होतो. तिच्या शेजारच्या काकूंचं झालं... आणि मी आईला वगळून थेट पलीकडच्या वहिनींसमोर माइक धरला. मुद्दाम नाही, सवयीने. लिहितानाही लाज वाटतेय.

"थांब रे, माझं राहिलं," म्हणत तिने माइक माझ्या हातातून घेतला. दोघी-तिघींनी माना खाली घातल्या, आणि मला वाटलं आता ही बाबांचं नाव घेणार आणि मध्येच रडणार.

"कृष्णा-कोयना भेटतात, तिथलं माझं गाव...
टॅलाच्या हॉलमध्ये घेते शालिनीचं नाव!"

क्षणभर कुणाला कळेचना, ही शालिनी कोण. मग माझ्या लेकीने जोरात शिट्टी मारली, आणि टाळ्या थांबेनात. आई लाजून पदराशी चाळा करत बसली.

त्या होस्टला हे कधी कळणार नाही, तरी त्याचे मनापासून आभार. आईचं नाव मी व्हिसाच्या फॉर्मवर कितीतरी वेळा लिहिलंय... तिच्या तोंडून मात्र बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा ऐकलं.